श्राव्य पृष्ठाचे व्याकरण

डोळस वाचक ब्राउझरमधील पान प्रथम पाहतो आणि मग वाचतो. ठळक अक्षरे, रंग व मोकळी जागा यांवरून मुख्य काय आणि गौण काय, हे त्याला क्षणार्धात उमगते. अंध वाचकाकडे तेच पान एका शब्दामागून दुसरा शब्द अशा क्रमाने येते. स्थलातील रचना कालात कशी उतरवावी, हा येथील मूळ प्रश्न होय; आणि तो यंत्राइतकाच भाषेचाही आहे.

चिएको असाकावा या अंध जपानी संशोधिकेने आयबीएममध्ये सिद्ध केलेल्या 'होम पेज रीडर' (१९९७) या बोलक्या ब्राउझरात त्याचे एक मार्मिक उत्तर आढळते. तेथे मजकूर पुरुषाच्या आवाजात, तर दुवे स्त्रीच्या आवाजात ऐकू येत. डोळ्याला अधोरेखेने कळणारा भेद कानाला आवाजाच्या पालटाने कळू लागला.

'एनव्हीडीए'सारखे आजचे स्क्रीन रीडर अधिक समर्थ आहेत. 'एच' ही कळ दाबताच वाचक पुढील शीर्षकावर पोहोचतो; मात्र पानाच्या एचटीएमएल संहितेत ते शीर्षक म्हणून नोंदलेले असेल तरच. केवळ अक्षरे मोठी केली असतील, तर ही सोय निरुपयोगी ठरते. दुव्यांची यादी मागवली असता 'येथे पाहा', 'येथे पाहा' एवढेच कानी पडावे, हाही तसाच दोष. संदर्भापासून तुटलेले 'येथे' कशाचाच निर्देश करीत नाही.

मराठी पानांपुढे आणखी एक अडचण आहे. देवनागरी लिपी हिंदी व मराठी या दोहोंची असल्याने केवळ लिपीवरून भाषा ठरत नाही. पानाची भाषा संहितेत नोंदवावी, ही 'डब्ल्यूसीएजी २.०' (२००८) या निकषांतील प्राथमिक पातळीची अपेक्षा आहे. ती न पाळल्यास मराठी मजकूर हिंदी उच्चारपद्धतीने वाचला जाण्याचा संभव राहतो, आणि त्या पद्धतीत 'चमचा' या शब्दातील दंततालव्य च ला स्थान नाही. अर्थात, नोंद केल्याने सर्व प्रश्न सुटतात असेही नव्हे. विश्व या अर्थाचा 'जग' आणि 'जगणे' या क्रियापदाचे आज्ञार्थी 'जग' ही रूपे लेखनात एकच असून उच्चारात भिन्न आहेत. त्यांचा निर्णय वाक्यार्थावरूनच करावा लागतो.

निकषांची यांत्रिक तपासणी म्हणूनच अपुरी पडते. छायाचित्राच्या वर्णनाच्या जागी नुसते 'चित्र' असे लिहिले, तरी वर्णन दिल्याची नोंद होते. वाचकाला मात्र काहीच कळत नाही. प्रवेशअर्ज भरणाऱ्या अंध विद्यार्थ्याला एखाद्या निनावी रकान्यापाशी दुसऱ्याची मदत मागावी लागली, तर ते पान त्याच्यासाठी अपुरेच राहिले, असे म्हणणे प्राप्त आहे.