हरवलेली जमात आणि तिची भिंत : ‘किंग काँग’ (१९३३) या चित्रपटाची चिकित्सा

प्रस्तावना :
साहसपटांच्या इतिहासात ‘किंग काँग’ या अमेरिकन चित्रपटाचे स्थान महत्त्वाचे आहे. मेरियन सी. कूपर व अर्नेस्ट बी. शोडसॅक यांनी दिग्दर्शित केलेला आणि आर. के. ओ. या संस्थेने निर्माण केलेला हा चित्रपट मार्च १९३३ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रथम प्रदर्शित झाला. विलिस ओब्रायन यांचे स्टॉप-मोशन तंत्र, मॅक्स स्टायनर यांचे पार्श्वसंगीत आणि काँगच्या प्रतीकाचे वांशिक अर्थ यांविषयी बरेच लेखन झाले आहे. प्रस्तुत लेखात मात्र कवटी बेटावरील जमातीच्या चित्रणाचा विचार केला आहे.

माहितीपटाकडून कल्पिताकडे :
कूपर व शोडसॅक यांनी यापूर्वी ‘ग्रास’ (१९२५) मध्ये इराणमधील बख्तियारी लोकांचे स्थलांतर आणि ‘चँग’ (१९२७) मध्ये सयामच्या जंगलातील जीवन चित्रित केले होते. दूरच्या लोकांना कॅमेऱ्यासमोर आणण्याचा हा अनुभव ‘किंग काँग’मधील चित्रपट-निर्माता कार्ल डेनहॅम या पात्रात उतरला आहे. सुमात्राच्या पश्चिमेस असलेले कवटी बेट काल्पनिक आहे. परंतु तेथील भाषा नियास बेटावरील भाषेशी मिळतीजुळती असल्याचे जहाजाचा कप्तान सांगतो. या जमातीच्या भूमिका मुख्यतः आफ्रिकी-अमेरिकी कलावंतांना देण्यात आल्या. म्हणजे भूगोल आग्नेय आशियाचा, चेहरे आफ्रिकी वंशाचे आणि विधी कल्पनेतले, असे हे मिश्रण आहे. विशिष्ट समाज दाखविण्याऐवजी ‘आदिम’ या कल्पनेलाच येथे देह दिला आहे. टोळीप्रमुखाची भूमिका करणारे नोबल जॉन्सन हे १९१६ मध्ये स्थापन झालेल्या लिंकन मोशन पिक्चर कंपनी या कृष्णवर्णीयांच्या चित्रसंस्थेचे एक संस्थापक होते. स्वतःच्या समाजाचे वेगळे चित्रण व्हावे म्हणून झटलेल्या कलावंताच्या वाट्याला हॉलिवूडमध्ये अशी भूमिका यावी, ही वस्तुस्थिती बोलकी आहे.

भिंतीचा प्रश्न :
जमातीच्या चित्रणातील कळीचा मुद्दा म्हणजे बेटावरील प्रचंड भिंत. ती कोणा प्राचीन, उच्च संस्कृतीने बांधली आणि आजचे रहिवासी ती संस्कृती विसरून मागे पडले, असे डेनहॅम बेटावर पाऊल ठेवण्यापूर्वीच सांगतो. चित्रपटात या विधानाला कोणताही पुरावा नाही आणि कोणी तो मागतही नाही. वसाहतकाळातील इतिहासलेखनात हाच युक्तिवाद आढळतो. ग्रेट झिंबाब्वे येथील दगडी वास्तू आफ्रिकी लोकांनी बांधल्या, हे मान्य करण्यास अनेक वसाहतवादी अभ्यासक तयार नव्हते. गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी १९२९ च्या उत्खननातून त्या वास्तूंचे आफ्रिकी मूळ दाखवून दिल्यानंतरही ऱ्होडेशियात जुना समज जोपासला गेला. चित्रपटावर या वादाचा थेट प्रभाव होता असे येथे सुचवायचे नाही. दोन्हीकडील विचारपद्धती एकच आहे, एवढेच नोंदवायचे आहे.

विशेष म्हणजे चित्रपट स्वतःच या विधानाला छेद देतो. हे लोक भिंतीची डागडुजी करतात, कारण त्यांना तिची गरज आहे, हे डेनहॅमलाही ठाऊक आहे. भिंत, दरवाजा, अडसर आणि बलिविधी यांच्या आधारे या समाजाने काँगबरोबर जगण्याची व्यवस्था उभी केली आहे. ती क्रूर आहे यात शंका नाही. काँगची वधू म्हणून सजविलेली मुलगी तिचा बळी ठरणार असते. परंतु ॲन डॅरो दिसताच टोळीप्रमुख तिच्या बदल्यात सहा स्त्रिया देऊ करतो आणि त्यानंतर कथेला त्या मुलीची आठवण राहत नाही. तिला नावही नाही. ॲनच्या सुटकेसाठी अनेक खलाशी प्राण गमावतात. त्या मुलीच्या जीविताचा प्रश्न मात्र कथेत उपस्थितच होत नाही.

उत्तरदायित्वाचा लोप :
ॲनच्या शोधात काँग येतो, तेव्हा बेटवासी व खलाशी मिळून दरवाजा रोखून धरतात. जमात आणि पाहुणे यांच्यातील सहकार्याचा हा एकमेव क्षण होय. दरवाजा तुटतो आणि गाव उद्ध्वस्त होते. बेटवासीयांना चिरडण्याची काही दृश्ये १९३८ च्या पुनःप्रदर्शनाच्या वेळी सेन्सॉरच्या दडपणाने कापली गेली व पुढे अनेक वर्षांनी पूर्ववत झाली. मात्र कात्री लागण्यापूर्वीही कथेने या लोकांना सोडून दिलेच होते. बेशुद्ध काँगसमोर डेनहॅम प्रसिद्धी व पैशाचे बेत आखतो. गावात किती माणसे मेली, हे तो विचारत नाही. अखेरीस काँगच्या मृत्यूचे कारण तो सौंदर्यात शोधतो. या वाक्याने करुणरस साधतो, पण काँगला पकडून आणणारा डेनहॅम नामानिराळा राहतो.

समारोप :
‘किंग काँग’चे तंत्र व त्याची भावनिक परिणामकारकता निर्विवाद आहे. काँगविषयी प्रेक्षकांच्या मनात सहानुभूती निर्माण करणे हे या कृतीचे मोठे यश होय. पण ती सहानुभूती वानरापर्यंत पोहोचते आणि माणसांपर्यंत पोहोचत नाही, ही तिची मर्यादा आहे. ‘हरवलेली जमात’ ही संज्ञाही तपासून घ्यावी लागते. बेटावरील लोक स्वतःच्या दृष्टीने हरवलेले नव्हते. डेनहॅमच्या नकाशापुरतेच ते हरवलेले होते. अभिजात चित्रपट म्हणून ही कृती वर्गात शिकविताना काँग कसा घडविला याबरोबरच ती भिंत कोणाची, हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आवश्यक ठरते.