वळ न उठलेली वेदना

वेताळपंचविशी आपल्याकडे मुलांची करमणूक म्हणून हाती दिली जाते आणि मुले मोठी झाली की माळ्यावर जाऊन पडते. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागरात तिला जागा दिली, तेव्हा तो काही मुलांसाठी लिहीत नव्हता. तिच्यातील दोन कथा आम्ही अलीकडे पुन्हा वाचल्या. दोन्हींचा विषय ज्ञानेंद्रियांचा अतिरिक्त तीव्रपणा हा आहे. आणि ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी त्या आमच्याबरोबर एकवार वाचाव्यात, अशी आमची विनंती आहे.

पहिली कथा धर्मध्वज राजाच्या तीन राण्यांची. एकीच्या मांडीवर कानातले कमळ पडले आणि जखम झाली. दुसरीच्या अंगावर चांदणे पडताच फोड आले. तिसरीने दूर कोठेतरी धान्य कांडणाऱ्या मुसळाचा आवाज ऐकला मात्र, तिच्या हातांवर काळेनिळे डाग उठले. अधिक सुकुमार कोण, असे वेताळ विचारतो. विक्रम म्हणतो, तिसरी. कारण पहिल्या दोघींना निदान कशाचा तरी स्पर्श झाला होता. दुसरी कथा तीन चोखंदळ भावांची. बापाने यज्ञासाठी कासव आणावयास पाठविले, तर त्या बुळबुळीत प्राण्याला हात लावावयास तिघेही तयार होईनात. पुढे राजाने त्यांची परीक्षा घेतली. एकाला भाताला चितेच्या धुराचा वास आला, आणि तो तांदूळ खरोखरच स्मशानालगतच्या शेतातला निघाला. मधल्याची गोष्ट येथे सोडून देऊ. तिसऱ्याला सात गाद्यांखालचा एक केस रुतला आणि त्याच्या कुशीवर तांबडा वळ उमटला. विक्रमाचा कौल या तिसऱ्याच्या बाजूने पडतो. कारण काय, तर इतरांनी आपली माहिती आधी कोठून तरी मिळविली असेल. याच्या अंगावरचा वळ मात्र प्रत्यक्ष दिसतो.

हे कारण आम्हांस फार बोलके वाटते. ज्याच्या अंगावर खूण आहे त्याची वेदना खरी, बाकीच्यांची संशयास्पद! हॅन्स अँडरसनने १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या वाटाण्याच्या गोष्टीतही हाच न्याय चालतो. वीस गाद्या आणि वीस परांच्या दुलया यांखालच्या एका वाटाण्याने राजकन्येचे अंग काळेनिळे पडते, तेव्हा कोठे ती खरी राजकन्या ठरते. दोन्ही ठिकाणी सुकुमारता राजवाड्यातली किंवा चैनीतली आहे, आणि दोन्ही ठिकाणी तिला पुरावा लागतो. कथाकारांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना विनोद साधावयाचा होता आणि तो त्यांनी उत्तम साधला. परंतु विनोदामागची समजूत आपल्या घराघरांतून अजून नांदते आहे. सदऱ्याच्या मानेजवळची कापडी चिठ्ठी टोचते म्हणून रडणारे मूल, कुकरची शिट्टी वाजताच कान दाबून पळणारे मूल, भातात वरण कालविले की ताट दूर सारणारे मूल, उटणे लावताना किंचाळणारे मूल, यांच्या अंगावर कोठेही वळ उठत नाही. तेव्हा आपण त्यांना ‘नखरेल’, ‘हट्टी’, ‘लाडावलेला’ अशी नावे ठेवतो. मराठीत या मुलांसाठी दूषणे पुष्कळ आहेत. ‘हळवा’ हा एक शब्द थोडा दयाळू, पण तोही मनाचा विशेष सांगतो, कातडीचा किंवा कानाचा नाही.

शास्त्राने हा विषय गंभीरपणे घेतला त्यालाही फार काळ लोटलेला नाही. लिओ कॅनर या वैद्याने १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेला शास्त्रात स्थान दिले. ती मुले पाळणे, उद्वाहने, केर ओढणारी यंत्रे, वाहते पाणी, कधी नुसता वारा, यांनी भयभीत होत असे त्याने नोंदविले. त्याची दृष्टी किती सूक्ष्म होती ते पुढच्याच निरीक्षणावरून कळते: ज्या आवाजाला मूल भिते तेवढाच मोठा आवाज ते स्वतः आनंदाने करू शकते. पुढे कॅलिफोर्नियात जीन एअर्स या विदुषीने १९७२ व १९७९ सालच्या आपल्या दोन ग्रंथांत असे मांडले की, स्पर्श, तोल, स्नायू आणि सांधे यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांची जुळणी मेंदूला करावी लागते, आणि ती नीट न झाल्यास मुलाचे वागणे व शिकणे दोन्ही अडखळते. स्वमग्नतेच्या लक्षणांत संवेदनांची अति किंवा अल्प तीव्रता अमेरिकेतील मानसरोगतज्ज्ञांच्या निदानग्रंथाने गणली ती तर २०१३ साली. तथापि असे प्रत्येक मूल स्वमग्न असते असे मुळीच नाही, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

शास्त्रज्ञांहूनही अधिक प्रकाश पाडला तो स्वतः भोगणाऱ्यांनी. टेम्पल ग्रँडिन या अमेरिकन प्राध्यापिकेने १९८६ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. लहानपणी कोणी मिठी मारली की तिचे अंग ताठ होई; परंतु आपल्याला कोणी जवळ घ्यावे ही इच्छाही तिला तितकीच अनावर होती. नात्यातील एका बाईंच्या पशुशाळेत गुरांना दोन फळ्यांत दाबून धरणारे यंत्र तिने पाहिले आणि तशाच धर्तीचे एक यंत्र स्वतःसाठी बनविले. दाब किती हवा ते तिचे तिने ठरवावयाचे. आईच्या मिठीला नकार देणारे मूल आईला नाकारीत नसते, ही गोष्ट एवढ्या निर्विकार शब्दांत सांगणारे दुसरे पुस्तक आमच्या वाचनात नाही. या बाईंना वाङ्मयीन शैली नाही, असे कोणी म्हणेल. आम्हांस तिची उणीव भासली नाही.

मराठीत असे पुस्तक नाही काय? स्वानुभवाचे असे पुस्तक दाखविणे आम्हांस कठीण आहे; पण एक प्रसंग आहे, आणि तो प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये आंघोळ झाल्यावर श्याम ओले तळवे जमिनीवर टेकावयास तयार होत नाही. माती लागेल, ही त्याची तक्रार. आई लुगड्याचा ओचा धोंड्यावर पसरते, श्याम त्यावर पाय ठेवतो आणि मग घरात जातो. त्यानंतर ती म्हणते की, पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसे मनाला लागू नये म्हणूनही जप. आजवर या प्रसंगावर जी प्रवचने झाली, ती सारी या शेवटच्या वाक्यावर. आमच्या मते प्रसंगाचे मर्म त्याच्या आधीच येऊन गेलेले आहे. आईने पुरावा मागितला नाही. ‘इतर मुले नाहीत का चालत?’ असे विचारले नाही. तळव्याला वळ उठला का हे पाहिले नाही. तिने ओचा पसरला, आणि बोध नंतर केला. ओच्याविना तोच बोध केला असता तर तो श्यामच्या स्मरणात राहिला असता की नाही, याची आम्हांस शंका आहे.

येथे कोणी चतुर वाचक आम्हांस अडवील. हीच आई पोहावयास भिऊन लपलेल्या श्यामला शिंपटीने मारून विहिरीवर धाडते, तिचे काय? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर सोपे नाही. भीती ही बहुधा ओळखीने ओसरते. एकदा उडी मारली की पाण्याचे भय अर्धे संपते. संवेदनेचा अतिरेक मात्र बळजबरीने ओसरत नाही. रोज जबरीने लोकरीचा सदरा चढविल्याने कातडी निबर होत नाही. सदऱ्याबरोबर चढविणाऱ्याचीही धास्ती तेवढी बसते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही प्रकारचे रडणे सारखेच ऐकू येते, हीच पालकांची खरी अडचण होय. शिंपटीचा प्रसंग आम्हांस कथा म्हणून आवडतो; पद्धत म्हणून आम्ही तो कोणाच्या हाती देणार नाही.

मग करावे काय? कॅनरच्या निरीक्षणात याची वाट आहे. अचानक अंगावर कोसळणारा आवाज आणि आपण स्वतः केलेला आवाज यांत मुलाला जमीनअस्मानाचे अंतर वाटते. तेव्हा शक्य तेथे सूत्रे त्याच्या हाती द्यावीत. मिक्सरचे बटण त्यालाच दाबू द्यावे. नखे काढताना ‘आता तिसरे बोट’ असे आधी सांगावे. पुष्कळ मुलांना हलका, गुदगुल्यांसारखा हात सोसत नाही, पण घट्ट, स्थिर हात सोसतो. उटणे लावणाऱ्या आजीला हे एकदा समजावून सांगितले की दिवाळीची पहाट बरीच शांत जाते. चिठ्ठी कात्रीने उसवून टाकावी. तिच्यावर वाद घालू नये. गणपतीच्या मिरवणुकीत ढोलताशांच्या शेजारी उभे राहण्यात कोणाचीही भक्ती वाढत नाही. मूल गच्चीवरून, कानांवर आच्छादन घालून पाहत असेल तर पाहू द्यावे. शाळेत दाराशेजारचा बाक बदलून मागावा, आणि शिक्षक हसले तर पुन्हा मागावा.

उपचारांविषयी एक शब्द. एअर्सबाईंच्या पद्धतीवर आधारलेले व्यवसायोपचार आता आपल्याकडील मोठ्या शहरांतही मिळतात. त्यांचा काही मुलांना उपयोग होतो. परंतु अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली असा इशारा दिला की, या उपचारांच्या परिणामकारकतेचा पुरावा मर्यादित आहे, आणि संवेदनांची अडचण हे सामान्यतः स्वतंत्र निदान मानू नये. यास्तव तज्ज्ञाकडे जावे, अवश्य जावे, पण काय साधावयाचे ते आधी ठरवून जावे: केस कापताना रडणे कमी व्हावे, शाळेच्या मधल्या सुट्टीत मूल टिकावे, असे काहीतरी मोजता येण्याजोगे. काही महिन्यांत फरक दिसला नाही तर तसे तज्ज्ञाला विचारावयास संकोचू नये. जाहिरातीतील वजनदार पांघरुणे आणि महागडी खेळणी यांची खरेदी तोवर लांबणीवर टाकली तरी चालेल. कात्रीला आणि ओच्याला काही पैसे पडत नाहीत.