दगडांना बोलावलंच नाही

१५ फेब्रुवारी २००१ रोजी अमेरिकेच्या फॉक्स वाहिनीवर एक कार्यक्रम लागला: ‘कॉन्स्पिरसी थिअरी: डिड वी लँड ऑन द मून?’ आज तुमच्या फोनवर येणाऱ्या ‘झेंडा हलतोय बघा’ छापाच्या बहुतेक रील्स याच कार्यक्रमाची नातवंडं. म्हणून थेट आजोबांकडे जाऊ.

कार्यक्रम बांधलाय झकास. निवेदनाला ‘एक्स-फाइल्स’मधला मिच पिलेगी, म्हणजे संशयाचा आवाज आयताच मिळाला. वाक्यं प्रश्नचिन्हावर संपणारी. विचारणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही. आभाळात तारे का नाहीत? (रात्री हॅलोजनखाली चाललेल्या क्रिकेटचा फोटो काढा, त्यात किती तारे येतात मोजा.) सावल्या, झेंडा वगैरेंची उत्तरं दहा मिनिटांत सापडतात, त्यात इथे वेळ घालवत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. हा कार्यक्रम रहस्यकथेचा आव आणतो आणि मुद्देमालच पंचनाम्यात घेत नाही. सगळा भर फोटो आणि फिल्मवर. आम्ही सॉफ्टवेअरवाले नुसत्या स्क्रीनशॉटवर भागवत नाही, लॉग मागतो. इथे लॉग आहे: १९६९ ते १९७२ या काळात सहा मोहिमांनी आणलेली ३८२ किलो दगडमाती.

त्यातले काही नमुने मुंबईतही आले. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल, नरेंद्र भंडारी आणि सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा अभ्यास केला. अंतराळातून येणारी लोखंडासारखी जड अणुकेंद्रकं स्फटिकात घुसली की सूक्ष्म इजा करतात. रसायनाने त्या रेषा उघड करून मायक्रोस्कोपखाली मोजता येतात. पृष्ठभागाशी रेषांची गर्दी, आत जावं तशी ती विरळ. त्यावरून दगड उघड्यावर किती काळ पडून होता हे कळतं. पृथ्वीवरच्या दगडाला हे नशिबी नाही, मध्ये वातावरण येतं. म्हणजे नेवाड्यात कुठेतरी दगड ‘बनवणाऱ्याला’ लाखो वर्षांचं ऊन अंतराळी कणांसकट खोलीनुसार नेमकं भरावं लागलं असतं.

मग दगड यंत्रमानवाने आणले? सोव्हिएत संघाने तेच केलं. लुना-१६ ने १९७० मध्ये १०१ ग्रॅम माती आणली आणि दोन्ही देशांनी नमुन्यांची अदलाबदलही केली. खोट काढायला त्यांच्याइतकं उतावीळ कोण होतं?

आणखी एक आवडती कथा: फॉन ब्राउन १९६७ मध्ये अंटार्क्टिकात होता, तिथून चांद्र-उल्का उचलल्या. उल्केला वातावरणात जळाल्याची साल असते, शिवाय पृथ्वीवरच्या पाण्याहवेच्या खुणा. आणि अंटार्क्टिकातली पहिली चांद्र-उल्का ओळखली गेली १९८२ मध्ये, तीही अपोलोच्या दगडांशी ताडून. कॉपी करणाऱ्याने उत्तरपत्रिका आधीच लिहून ठेवल्यासारखं झालं हे.

सगळ्यात टोकदार आक्षेप डच दगडाचा, आणि तो मी गंभीरपणे घेतो. माजी पंतप्रधान विलेम ड्रेस यांना १९६९ मध्ये अमेरिकी राजदूताकडून मिळालेला ‘चंद्रावरचा दगड’ अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये होता. २००९ मध्ये कळलं की ते अश्मीभूत लाकूड आहे. लाजिरवाणं आहेच. पण भूवैज्ञानिकांनी तपासला आणि भांडं फुटलं. बाकीचे दगड पन्नासहून जास्त वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत असेच तपासले जातायत.

या कार्यक्रमापेक्षा पीटर हायम्सचा १९७८ चा ‘कॅप्रिकॉर्न वन’ मला प्रामाणिक वाटतो. त्यात मंगळमोहीम स्टुडिओत रचली जाते. पण परतीचं रिकामं यान जळतं आणि जगाच्या लेखी मेलेले अंतराळवीर खरोखर मारावे लागतात. एका खोट्याचा हिशोब चित्रपट शेवटपर्यंत मांडत राहतो. फॉक्सचा कार्यक्रम पहिल्याच रकान्यावर ब्रेक घेतो.

अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी १९७२ मध्ये मातीची एक नळी चंद्रावरच निर्वात सीलबंद केली होती. पुढे जास्त चांगली उपकरणं येतील म्हणून ती राखून ठेवली आणि २०२२ मध्ये उघडली. बनावट माल कुणी अशा परीक्षेसाठी जपून ठेवेल का, हा प्रश्न मिच पिलेगीच्या आवाजात ऐकायला मला आवडलं असतं.