अंगणातला बहावा

वैशाखात खानदेशातल्या नरडाण्याच्या काळ्या जमिनीला भेगा पडतात, वाऱ्याच्या झळांनी कोवळी पानं कडेने करपतात. इथे घरापुढे फुलझाड निवडायचं तर त्याची पारख याच दिवसांत करावी. पावसाळ्यात काय, सगळंच फुलतं.

रोपवाटिकेत पहिली नजर गुलमोहरावर जाते. मूळचा मादागास्करचा, पण आपल्या उन्हात मनापासून रमलेला. मात्र त्याचा बहर माथ्यावर असतो. तो पाहावा दुरून, धावत्या भुसावळ-सुरत गाडीतून किंवा शेजारच्या गच्चीवरून. ज्याच्या दारात झाड, त्याच्या वाट्याला पाकळ्यांचा सडा. मुळं जमिनीलगत पसरतात, फांद्या वादळात चटकन मोडतात. तामण आपलं राज्यपुष्प आणि देखणंही, पण ते नदी-ओढ्याकाठचं झाड, त्याला ओल हवी.

बहाव्याचे घोस खाली लोंबतात. झाडाखाली उभ्या राहिलेल्या माणसालाच ते सगळ्यांत चांगले दिसतात, आणि अंगणातल्या झाडाकडून मला हेच हवं आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, त्याच सुमारास तो बहरतो. एक घोस हातात घेऊन बघा. देठाकडची फुलं आधी उमलतात; टोकाकडे हिरवट-पिवळ्या कळ्या मण्यांसारख्या लहान लहान होत जातात. फुलाला पाच पाकळ्या, त्यांवरच्या बारीक शिरा उन्हात स्पष्ट दिसतात. पुंकेसर दहा, पण सारखे नाहीत. तीन चांगले लांब आणि बाकदार, बाकीचे आखूड. भुंगा आखूड केसरांवरचे पराग खायला येतो आणि लांब केसरांचे पराग अंगाला लावून पुढच्या फुलावर जातो. पिवळा रंगही असा, की ऊन त्यातून आरपार येतं. गेल्या सालच्या काळ्या, लांब शेंगा काहींना फुलांशेजारी नकोशा वाटतात. मी त्या मुळीच तोडू देणार नाही. त्यांच्यामुळेच पिवळा रंग उठून दिसतो.

झुडपांत कण्हेर उन्हाला पुरून उरते, पण ती पानाफुलांसकट विषारी. दारात शेळ्या-वासरं असतील तिथे नकोच. शंकासुर कुंपणाला शोभतो. माझं मन पारिजातकावर. छाटत राहिलं तर झुडूप, मोकळं सोडलं तर लहानसं झाड. पाऊस सरता सरता तो बहरतो, संध्याकाळी उमलतो आणि उजाडायच्या आत गळू लागतो. बरीच फुलं पालथी पडतात, म्हणून सकाळी जमिनीवर पांढऱ्याआधी केशरी देठच डोळ्यांत भरतात. बहावा सरल्यावर अंगणाला असंच काहीतरी हवं असतं.

बहावा पश्चिमेला लावावा, म्हणजे उतरतं ऊन घोसांतून येईल. भिंतीपासून दहा-बारा फूट तरी लांब. पारिजातक पायरीजवळ, येता-जाता फुलं वेचता येतील असा. फुलावर असताना बहाव्याची पानं जवळजवळ झडलेली असतात, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात त्याची सावली विरळच. तेवढ्यासाठी मागच्या दारी कडुनिंब असू द्यावा.