‘लोखंडी’ शब्दाची टीप

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी कागद छापताना ‘लोखंडी पूल’, ‘लोखंडी जहाज’ या शब्दांखाली ‘पोलादी’ अशी टीप घालण्याची चाल काही संपादकांत दिसते. ही टीप सदोष असून कालनिर्णयास घातक आहे.

रसरत्नसमुच्चयकाराने लोहाचे मुण्ड, तीक्ष्ण व कान्त असे तीन भेद सांगितले आहेत. आमच्या लोहारांसही बीड, घडीव लोखंड व पोलाद यांतील भेद ठाऊक आहे. मग संपादकानेच तो का विसरावा? मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग १८६४ मध्ये पुरा झाला. त्यावरील वसईच्या खाडीच्या व वैतरणेच्या पुलांचे खांब बिडाचे, तुळया घडीव लोखंडाच्या. १८७० मध्ये मुंबईहून एडनपर्यंत समुद्रतार घालण्यास आलेले ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजही घडीव लोखंडाचेच. विलायतेत पुलांस पोलाद वापरण्याची मोकळीक १८७७ साली मिळाली. फोर्थचा पोलादी पूल १८९० चा. टिपेवर विसंबून संग्राहक १८६५ चा कागद पंचवीस वर्षे अलीकडे ओढील.

भेद केवळ नावाचा नव्हे. बीड दाब सोसते, ताण सोसत नाही. २८ डिसेंबर १८७९ रोजी स्कॉटलंडातील टे नदीवरील पूल वादळात आगगाडीसह कोसळला, तेव्हा खांबांचे बिडाचे कान तुटले होते. तेथे ‘पोलादी’ म्हटल्यास अपघाताचे कारणच लोपते.

शिवाय असे पूल पुढे बदलले गेले. आज दिसणारा पूल जुन्या कागदाचा साक्षी नव्हे. सबब मूळ शब्द जसाच्या तसा ठेवावा व धातूचा निर्णय बांधकामाच्या दप्तरावरून करावा. पुरावा नसल्यास टीप न देणेच श्रेयस्कर.