हरिश्चंद्राची फॅक्टरी आणि डोंबाचा मसणवटा

परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट २००९ साली भारताच्या वतीने ऑस्करसाठी पाठविला गेला. मराठी अभिजनांनी त्याला डोक्यावर घेतले, आणि ते कौतुक अस्थानी नव्हते. एकोडीला घरी बसून तो मी अलीकडे पुन्हा पाहिला. नंदू माधव यांचे फाळके आजही हसवतात. तंबूतला सिनेमा पाहून झपाटलेला, वाटाण्याच्या रोपाची वाढ फितीवर टिपणारा, १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणणारा हा माणूस म्हणजे आजच्या भाषेत तंत्रज्ञानातला उद्योजकच. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला.

चित्रपटात घरातले सामान विकले जाते आणि आपण हसतो. येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. विकायला सामान आणि गहाण टाकायला विम्याची पॉलिसी कोणाकडे असते? फाळक्यांचे वडील संस्कृतचे पंडित होते. स्वतः फाळके जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. त्यांचे कर्ज खरे, हालही खरे. पण त्या हालांना कोठे तरी टेकायला भिंत होती. माझ्या वर्गातल्या एका मुलाला लघुपट करायचा आहे. त्याची आई रोवणीला जाते आणि मोबाइलचे हप्ते अजून फिटायचे आहेत. त्याने काय गहाण टाकावे?

त्याच १९१३ च्या जुलैमध्ये बडोदा सरकारच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. बडोद्याने दोघांनाही काही दिले. मात्र १९१७ साली शिकून परतलेल्या बाबासाहेबांना त्याच शहरात राहायला खोली मिळाली नाही. ‘झपाटलेपणा’ची गोष्ट सांगणाऱ्या आपल्या कलावंतांना हे दुसरे झपाटलेपण क्वचितच दिसते.

परंतु माझा खरा आक्षेप फॅक्टरीतल्या मालाविषयी आहे. आचाऱ्याचे काम करणारे अण्णा साळुंके तारामती कसे झाले, बायका सिनेमात काम करायला का तयार नव्हत्या, सरस्वतीबाई रांधून-वाढून पुन्हा फिल्मला भोके कशी पाडत, हे सारे मोकाशी मायेने दाखवितात. जी कथा चित्रित होते आहे तिला मात्र ते केवळ कच्चा माल मानतात. ती कथा काय सांगते? राजाने राज्य गमावले, बायको-मुलगा विकला, तरी त्याच्या सत्त्वाची परीक्षा पुरी होत नाही. ती पुरी व्हायला त्याला डोंबाच्या दारात उभे राहावे लागते. मसणात प्रेत जाळणे आणि मढ्यावरचे कापड मागणे हा राजाचा नीचतम अधःपात! आमच्या आज्या-पणज्यांनी मर्तिकाचा सांगावा नेला, सरणाची लाकडे वाहिली, प्रेतावरचे कापड ‘हक्क’ म्हणून घेतले. त्यांच्या सत्त्वाची कथा कोणी लिहिली नाही, कारण त्यांच्यासाठी ती परीक्षा नव्हती, रोजचे जगणे होते. राजाला शेवटी देव भेटतात. डोंब मसणातच राहतो.

१९१३ च्या फाळक्यांना हे विचारणे कदाचित अन्यायाचे होईल. रंगभूमीवर ही कथा लोकप्रिय होती आणि त्यांना पडद्यावर आपले देव हवे होते. २००९ च्या दिग्दर्शकाला मात्र विचारता येते, कारण दरम्यान महाड झाले, नामांतर झाले, दलित साहित्याने मराठी वाचकाची झोप उडविली.

‘हा विनोदी चित्रपट, त्याला समाजशास्त्र कशाला मागता?’ असे एका सहकाऱ्याने मला ऐकविले. २०१० साली अमेरिकेत ‘द सोशल नेटवर्क’ आला. हार्वर्डच्या वसतिगृहातून २००४ मध्ये फेसबुक उभारणाऱ्या मार्क झुकरबर्गची ती गोष्ट, आणि तीही भरपूर रंजक. पण दिग्दर्शक डेव्हिड फिंचर आपल्या नायकाला वकिलांसमोर बसवितो आणि कल्पना कोणाची, पैसा कोणाचा, दगा कोणाला दिला हे त्याला विचारवितो. नायक तेथे लहान होत नाही, उलट माणूस म्हणून समजतो. मोकाशींचे फाळके पहिल्या दृश्यापासून अखेरपर्यंत लाडके राहतात. त्यांच्याशी कोणी भांडत नाही, आणि ज्याने भांडावे तो डोंब त्या घराच्या ओसरीवरही दिसत नाही.