नाव देशाचे, ओझे प्रवाशाचे

परदेशी निघालेला माणूस आपल्या सामानाबरोबर आपल्या देशाचे नावही घेऊन जातो. कस्टमच्या टेबलावर सामान उघडून दाखविता येते. नाव मात्र त्याच्या आधीच तेथे जाऊन पोहोचलेले असते. यजमान त्याच्याशी कसा वागणार, हे पुष्कळदा या नावावरच ठरते. या दृष्टीने पंडिता रमाबाईंचे १८८९ साली प्रसिद्ध झालेले 'युनायटेड स्टेट्‌सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक पुन्हा वाचावयास हवे, असे आम्हांस वाटते.

रमाबाई १८८६ साली इंग्लंडहून अमेरिकेस गेल्या. त्या वर्षी ११ मार्च रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीय पदवी मिळाली, त्या समारंभास त्या उपस्थित होत्या. या दोन मराठी स्त्रियांकडे अमेरिकन समाज केवळ व्यक्ती म्हणून पाहत नव्हता. त्यांच्यामागे तो हिंदुस्थान पाहत होता. १८८७ साली रमाबाईंनी 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक लिहून बालविधवांची दुःस्थिती तेथील वाचकांपुढे मांडली. त्यातून सहानुभूती आणि साहाय्य मिळाले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' उघडले.

परंतु घरचे दुःख परक्याच्या दारी सांगितल्याने देशाची अपकीर्ती होते, हा आक्षेप रमाबाईंवर आला. पुढे १८९५ च्या सुमारास ब्रुकलिन येथे रमाबाईंच्या साहाय्यक मंडळातील स्त्रिया आणि स्वामी विवेकानंद यांच्यात विधवांच्या स्थितीवरून जाहीर वाद झाला, त्याचे मूळ येथेच होते. एका बाजूस विधवांचे अश्रू होते, तर दुसऱ्या बाजूस एका पराधीन राष्ट्राचा स्वाभिमान. दोन्ही खरे होते, म्हणूनच हा वाद सहजी मिटण्यासारखा नव्हता.

आम्ही यवतमाळलगतच्या लोहाऱ्यात राहतो. आम्हांस हा पेच पुस्तकी वाटत नाही. आमच्या जिल्ह्याचे नाव बाहेर घेतले की ऐकणाऱ्यास प्रथम शेतकऱ्यांच्या आत्महत्या आठवतात. ही गोष्ट असत्य नाही; २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी साहाय्य-योजना जाहीर केली, त्यांत यवतमाळ होते. ते दुःख कोणी सांगितलेच नसते, तर साहाय्यही आले नसते. पण पुण्या-मुंबईस शिकावयास गेलेल्या आमच्या मुलामुलींना त्या एकाच ओळखीने ओळखले जाते, तेव्हा करुणेतही एक प्रकारचा अवमान दडलेला असतो. दुःख सांगणे हा दोष नव्हे. दुःखापुरतीच माणसाची ओळख ठेवणे हा दोष होय.

रमाबाईंच्या मराठी पुस्तकाचे मोल आम्हांस येथे जाणवते. इंग्रजी पुस्तकात त्यांनी अमेरिकेस आपला देश दाखविला. मराठी पुस्तकात आपणांस अमेरिका दाखविली. ज्यांचे साहाय्य घेतले, त्यांचे केवळ स्तोत्र गाऊन त्या थांबल्या नाहीत. लोकसत्ताक राज्यपद्धती, शिक्षण, स्त्रियांच्या संस्था यांची त्यांनी मनापासून प्रशंसा केली. पण मूळच्या रहिवाशांवर झालेला अन्याय आणि कृष्णवर्णीयांविषयीचा वर्णद्वेष यांचीही नोंद केली. ज्या डोळ्यांनी घर पाहिले, त्याच डोळ्यांनी परमुलूख पाहिला. स्वदेशाची प्रतिष्ठा राखण्याचा याहून प्रामाणिक मार्ग आम्हांस दिसत नाही.

पुस्तक निर्दोष आहे, असे नव्हे. स्त्रियांच्या प्रगतीविषयी लिहिताना प्रशंसेचा स्वर इतका चढतो की सामान्य कष्टकरी अमेरिकन स्त्रीचे दर्शन अंधुक होते. सुशिक्षित, सुस्थित यजमानांच्या घरून दिसणारा देश आणि अवघा देश यांत अंतर असतेच. आजच्या प्रवासवर्णनांतही ही उणीव आढळते.

त्याहून मोठी उणीव मात्र आपल्या एकूण वाचनातच आहे. युरोप-अमेरिकेची वर्णने आपण हौसेने वाचतो. शेजारच्या देशाची ओळख मात्र युद्धाच्या आणि क्रिकेटच्या बातम्यांवर भागवितो. कराचीत १८५५ साली सुरू झालेल्या शाळेस नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आजही आहे, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे? त्याच कराचीचे आर्चबिशप जोसेफ कोर्डेरो १९७३ साली पाकिस्तानचे पहिले कार्डिनल झाले; त्यांचा जन्म मुंबईतला आणि घराणे मूळचे गोव्याचे. सरकारांमधील वैर खरे असते आणि त्याची कारणेही खरी असतात. पण वैराचेच नाव तेवढे उरले, की सीमेपलीकडच्या रुग्णास, यात्रेकरूस, विद्यार्थ्यास त्याचा भुर्दंड पडतो. ज्याने काही केले नाही, त्यास सर्वांच्या वतीने उत्तर द्यावे लागते.

शुभवर्तमानात नथनेल नासरेथचे नाव ऐकताच तेथून काही चांगले येईल याविषयी शंका घेतो. तो स्वतः गालीलातल्याच काना गावचा. म्हणजे नासरेथकराचा शेजारीच. दूरच्या माणसापेक्षा शेजाऱ्याचा पूर्वग्रह अधिक पक्का असतो, हे येथे लक्षात येते. फिलिप त्याच्याशी वाद घालत नाही, नासरेथची तरफदारीही करीत नाही. स्वतः येऊन पाहावे, एवढेच सुचवितो. आणि नथनेल जातो, हे त्याचे मोठेपण.

रमाबाईंनी वाचकास असेच नेऊन दाखविले. हे पुस्तक आमच्या कुटुंबांतून वाचले जावे, विशेषतः ज्यांची मुले आज शिक्षणासाठी वा नोकरीसाठी आखाती देशांत आणि त्याहूनही दूर जात आहेत, त्यांनी वाचावे. त्या मुलांना आपल्या देशाविषयी प्रश्न विचारले जातील. त्यांनी लपवू नये, आणि रडगाणेही गाऊ नये. यजमानांचा देश मात्र त्यांनी नीट पाहावा, आणि घरी धाडलेल्या पत्रांत तो खरा उतरवावा.